व्हर्लिनची एकुलती बास्केट

माझा धाकटा भाऊ व्हर्लिन आमच्या चिमुकल्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचा, तेव्हा जिममध्ये पाय ठेवायला जागा नसायची. नंतर काही वर्षं तो पोटापुरते पैसे देणाऱ्या फुटकळ संघांतून वणवणला. मग एका जानेवारीत डेन्व्हरच्या मोठ्या संघाचे दोघं जायबंदी झाले आणि याला बोलावणं आलं. करार दहा दिवसांचा. पसंत पडला तर पुढे ठेवणार, नाहीतर चालू लागा.

त्या दहा दिवसांतल्या शेवटच्या सामन्याला आमचं अख्खं गाव नेब्रास्काहून बस करून भर बर्फातून डेन्व्हरला गेलं. पुढच्या सीटवर त्याचे कॉलेजचे कोच ओडेल ग्रिम. घड्याळ चालतंय तोवर खेळायचं, हे त्यांनी पोरांच्या अंगात भिनवलेलं.

सामन्याआधी व्हर्लिन मला भेटला. अजून त्याला खेळवलंच नव्हतं.

"लोइस, यांच्यात एक रीत आहे," तो म्हणाला. "सामना जिंकल्यात जमा असला की शेवटी चेंडू बास्केटमध्ये टाकायचा नाही. नुसता हातात धरून थांबायचं. नाहीतर हरणाऱ्याला खिजवल्यासारखं होतं. इथल्या कोचनी बजावलंय."

आमचे वीस गुणांनी पुढे होते, तेव्हा अगदी शेवटी त्याला उतरवलं. चेंडू त्याच्याकडे आला. तो शहाण्यासारखा थांबला.

तेवढ्यात ग्रिम खुर्चीवर चढले. "टाक की रे! खांबासारखा उभा काय राहिलास?"

झालं, सगळी बस ओरडायला लागली. मी ग्रिमचा कोट ओढला, जीव तोडून सांगितलं, पण ऐकतंय कोण! असा संताप आला मला एकेकाचा.

व्हर्लिननं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आणि टाकला. चेंडू अलगद आत गेला. आमची माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. खाली समोरच्या संघातल्यांनी त्याला छातीवर हात देऊन ढकललं आणि त्याच्या नव्या कोचनी तोंड फिरवलं.

करार पुढे वाढला नाही. दुसऱ्या कुणी विचारलंही नाही. आता तो गावच्या धान्याच्या कोठारावर काम करतो. त्या बास्केटचा फोटो जिममध्ये लावलाय, आणि दर हिवाळ्यात ग्रिम त्याला फोटोखाली उभं करून नव्या पोरांना दाखवतात. तो हसतो.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणानंतर भांडी घासताना माझ्याच्यानं राहवलं नाही. "ठाऊक होतं ना तुला? मग कशाला टाकलास?"

तो ताट पुसत होता.

"एवढ्या बर्फातून आले होते गं सगळे," तो म्हणाला. "त्यापायी काय गेलं ते ग्रिमना सांगू नकोस."