काळ्या पडद्यावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या घरात हत्याराला हात लावायचा नसतो. विळी, पान्हे आणि माझा कम्प्युटर सकाळीच हळदकुंकू लावून बसलेले. आणि नेमकं पूजेच्या जरा आधी चालवून बघताना मला कळलं, की मन्मथ सरांच्या क्लाससाठी केलेला निकालाचा प्रोग्राम मी आदल्या दिवशी सुधारता सुधारता पार बिघडवून ठेवलाय! सगळ्या लातूरला क्लासचं वेड, आणि मला मिळालेलं हे पहिलंच काम.

दसऱ्याला मन्मथ सर तो बघायला घरी येणार होते. प्रोग्राम न्हाई चालला, तर आई मला त्यांच्याच क्लासात मास्तरीण म्हणून चिकटवणार, हे ठरलेलं. मला तर खडू बघितला तरी डोकं उठतं.

माझी भागीदार मनतशा धावत आली. "रडत काय बसलीस? गिट हाय की!"

हे नवं साधन तिनं मागच्या आठवड्यात माझ्या कम्प्युटरवर बसवलं होतं. चांगल्या चालत्या प्रोग्रामची प्रत ते जपून ठेवतं, हुकूम टाइप केला की परत देतं म्हणे. वापरायची ही पहिलीच वेळ.

"आज हात लावून तर बघ!" आई कडाडली. "भूकंपाच्या वर्षी जन्मलेली पोर, घर हलवणारच!"

"काकू," मनतशा म्हणाली, "नव्या गाडीची पूजा झाली की लिंबावरून एकदा पुढं घेतात का न्हाई? हे बी नवं हत्यार हाय. पूजा करा, एकदाच चालवतो."

आईला पटलं. ती करंडा घेऊन आली. मनतशानं काळा पडदा उघडला. त्यात नुसती एक रेघ लुकलुकत होती.

"अगंबाई, ह्याला ना तोंड ना बूड! कुंकू लावू कुठं?" म्हणत आईनं रेघेखालीच ठसठशीत बोट टेकवलं.

मनतशानं हुकूम लिहिला, एंटर दाबलं. उत्तर आलं ते बरोब्बर कुंकवाखाली! मी ओढणीनं पुसायला गेले, तर हातावर आईची चापट बसली.

"पूजेचं कुंकू पुसतात होय गं?"

"न्हाई पुसत, काकू," मनतशा म्हणाली. "तुम्ही एंटर दाबत राहा, ओळी वर सरकतील."

आई एकेका बोटानं दाबत राहिली. शेवटी उत्तराची ओळ कुंकवाखालून वर आली. जुनी फाइल परत आली होती! मी मनतशाला मिठी मारली, आणि आम्ही दोघी आईसमोरच फुगडी घालू लागलो.

दसऱ्याला सरांनी प्रोग्राम बघितला, खूश झाले, आपट्याचं पान देत म्हणाले, "सौदामिनी, शिकवायला कधी येतेस मग?"

मी काही बोलायच्या आत आईच बोलली, "तिला कुठं सवड हाय, सर? आमचं नवं हत्यार कोण चालवणार?"