मास्तरांची तुटकी टेप

"दाजी, सोडा त्याला. पिल्लू आहे ते," सायकलवाला मेहुणा म्हणाला.

"पिल्लू? आधी डोळे दाखव कुणाला तरी," मास्तर म्हणाले. "दिवसभर ट्यूबमधली भोकं शोधून तुला आता सगळं बारीकच दिसायला लागलंय."

"अहो, शेपूट धरून ओढलंत तरी फूटभर भरायचा नाही तो."

मासा मास्तरांच्या दोन्ही हातांत फडफडत होता आणि त्यांच्या सदऱ्यावर पाणी उडवत होता. तळ्याचं पाणी बरंच उतरलं होतं. काठाचा काळा चिखल वरून वाळून तडकला होता, पण पाय टाकला की आतून अजून लिबलिबीत लागायचा. पलीकडच्या नांगरटीवरून येणारा वारा तोंडात माती घालत होता. एवढं सगळं सोसून सकाळपासून बसलेल्या माणसाला एकच मासा गळाला लागला होता, आणि तोही सख्खा मेहुणा सोडायला सांगत होता.

मास्तर गावचे शिंपी. शिवणारा हात सोन्याचा, पण कपडा वेळेवर दिला असं कधी झालं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की मशीनवरून मान वर न करता ते म्हणायचे, "उद्या या." म्हणून गाव त्यांना उद्यामास्तर म्हणे. गावात "उद्या या" म्हणून भागत नसे. लोक दुकानात येत, घरी येत, रस्त्यात गाठत. फक्त या तळ्याच्या काठी कुणी काही विचारत नसे. गळ टाकून बसलं की पाणी गप्प, मासे गप्प, मास्तरही गप्प. मेहुणा तेवढा गप्प नसायचा, पण तो बायकोचा भाऊ. त्याला इलाज नव्हता.

तळ्यावर बसायला परवाना लागे. फूटभरापेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असा फलक बांधावर लावलेला होता. मागच्याच महिन्यात तळ्यावर देखरेखीला आलेल्या नव्या मासेसाहेबांनी मास्तरांच्या बादलीत लहान मासा पाहिला होता आणि शांतपणे बजावलं होतं, "या वेळी सोडतो. पुन्हा सापडलात तर परवाना जमा." त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नव्हतं.

"थांब, मापूनच दाखवतो," म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढली. टेप त्यांच्या गळ्यात असायचीच, झोपताना बायको काढून ठेवी तेवढीच. मासा फळकुटावर धरून त्यांनी नाकापासून शेपटापर्यंत टेप ताणली.

"बघ! तेरा. फुटाच्या वर एक इंच. वाच की आता!"

मेहुण्यानं वाकून वाचलं. तेराच होते. "टेप म्हणतेय तर असेल," तो पुटपुटला. "डोळ्याला पटत नाही, एवढंच."

मास्तरांनी मासा पाण्याच्या बादलीत सोडला आणि कणकेची गोळी घ्यायला बाजूच्या खाकी पिशवीत हात घातला. तेवढ्यात बांधावर मोटारसायकल फटफटली.

साहेब उतरले. ताडमाड उंच, सडसडीत, वयानं कोवळे. खाकी पँट घोट्याच्या बरीच वर संपत होती आणि तिच्याखालून पिवळे मोजे लांबूनच दिसत होते. मेहुण्यानं तोंड फिरवून हसू गिळलं. ती पँट मास्तरांनीच शिवली होती. द्यायच्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, आखूड कशी झाली? मास्तरांच्या तोंडून पटकन निघून गेलं होतं, "कापड आटलं, साहेब. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

"नमस्कार, मास्तर. काय लागलं आज?"

"एक आहे, साहेब. पण नियमात बसणारा."

साहेबांनी बादलीत डोकावून पाहिलं. "डोळ्याला जरा लहान वाटतो."

"मीही तेच म्हणत होतो," मेहुणा म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चिखलात काडीनं रेघा ओढायला लागला.

"मापायची फळी तुमच्या त्या खड्ड्यांच्या वाटेवर कुठंतरी पडली माझी," साहेब म्हणाले. "तुमची टेप द्या बरं."

मास्तरांनी टेप काढून दिली. साहेबांनी मासा हलक्या हातानं फळकुटावर ठेवला, टेपचं टोक त्याच्या नाकाशी धरलं, आणि त्याच क्षणी मास्तरांना आठवलं.

त्या टेपचं टोक हे टोकच नव्हतं. मध्यंतरी कापड कापताना कात्री घसरली होती आणि सुरुवातीचे तीन इंच उडाले होते. नवी टेप उद्या आणू, उद्या आणू म्हणत मास्तरांनी तिच्यावरच काम चालवलं होतं. दुकानात बसले की तीन इंचांचा हिशेब त्यांचा हात आपोआप करी. पण आज सकाळच्या आनंदात, आणि मेहुण्याला खोटं पाडायच्या घाईत, तो हिशेब राहून गेला होता. मासा दहाच इंचांचा होता.

"तेरा," साहेब म्हणाले. "बसतो नियमात. उगाच शंका घेतली तुमच्यावर."

मास्तर हसले. हसणं ओठांच्या पुढं गेलं नाही. मासा पुन्हा बादलीत पडला. सुटलो, असं मास्तर मनात म्हणाले. पण साहेब टेप परत देईनात. ते आपल्या पँटकडे बघत होते.

"टेप हातात आहेच, तर हेही बघतो," म्हणत त्यांनी कमरेपासून पँटच्या खालच्या काठापर्यंत टेप सोडली आणि वाकून वाचलं. "चाळीस? मी चाळीसच सांगितली होती की. म्हणजे कापड आटलंच नाही."

साहेबांनी पँट खाली ओढून पाहिली.

"मग ही आखूड कशी होते?"

"साहेब," मेहुण्याला राहवलं नाही, "तुम्हीच वाढला असाल. वय आहे तुमचं."

साहेब हसले नाहीत. ते खरंच विचारात पडले होते. "म्हणजे माझंच माप चुकलं असणार. आणि मी त्या कापड-दुकानदाराला चार माणसांत बोललो. तुमच्या शिवणीलाही नावं ठेवली, मास्तर. माफ करा."

त्यांनी खरोखर हात जोडले. आता मास्तरांना बसवेना. मोठा माणूस ओरडला असता तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, त्याची त्यांना आयुष्यभराची सवय होती. पण हात जोडणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बादलीत पाहिलं. मासा तोंड उघडमीट करत होता, जसं काही त्यालाच सांगायचं होतं.

"साहेब, टेपचं टोक बघा."

"टोकाचं काय?"

"पहिला आकडा वाचा."

साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. मग पँटकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, आणि शेवटी मास्तरांकडे.

"तुम्ही माप सांगितलं तेव्हा टेप धड होती," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "कापड कापायला घेतलं आणि आधी टेपच कापली. तुटक्या टेपनंच तुमचे चाळीस मोजले. नंतर कळलं, पण तोवर तोंडातून आटलं म्हणून गेलं होतं."

"आणि मासा?"

"पिल्लू आहे."

"मी म्हणत नव्हतो?" मेहुणा उठून उभाच राहिला.

"तू बस रे खाली."

साहेबांनी बादली उचलली, पाण्यात दोन पावलं जाऊन मासा सोडून दिला आणि मोजे भिजवून परत आले. "परवाना द्या, मास्तर. एकदा ताकीद झाली होती. खरं बोललात म्हणून कायमचा घेत नाही. नवी टेप आणि नीट केलेली पँट, दोन्ही घेऊन कचेरीत या. मग देतो." जाता जाता ते थबकले. "ही पिशवी माझ्या पँटच्याच रंगाची दिसते."

"उरलेलं कापड होतं, साहेब," मास्तर म्हणाले. आता काही लपवण्यात अर्थच उरला नव्हता.

मास्तर तळ्यावरून थेट बाजारात गेले आणि नवी टेप घेतली. पिशवी उसवून साबणानं रगडून धुतली. साहेबांनी शिपायाबरोबर पँट पाठवताच तिला खालून असा जोड दिला, की शिवण शोधूनही सापडू नये. दिवेलागणीला पँट तयार होती. बायकोनं स्वयंपाकघरातून दोनदा येऊन पाहिलं. "बरं नाही का वाटत तुम्हाला?"

सकाळी कचेरीत गेले तर ओसरीवर ही गर्दी! परवाना गेला आणि एका दिवसात पँट झाली, हे मेहुण्यानं गावभर केलं होतं. दूधवाला, शाळेच्या बाई, पिठाच्या गिरणीवाला, आणि कोपऱ्यात, पदर सावरत, खुद्द घरची लक्ष्मी.

"साहेब, पाया पडते," ती म्हणत होती, "एवढ्यात देऊ नका तो परवाना. माझं पोलकं अजून बेतायचं आहे."

"माझा लेंगा राहिलाय!" गिरणीवाला ओरडला. "पोराचं लग्न होऊन पोरगं बाप झालं!"

साहेबांनी पँट अंगाला लावून पाहिली. बरोबर घोट्यावर आली. किंचित मासळीचा वास होता, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. "मी शब्द दिला होता," ते लोकांना म्हणाले आणि परवाना मास्तरांच्या हातात ठेवला. "आता मास्तर कुठं सापडतात, ते तुम्हाला माहीत आहेच."

ते सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त आजवर कुणाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी मास्तर काठावर बसले तेव्हा एका हातात गळाची काठी होती, मांडीवर पोलकं होतं, आणि मागं बांधावर गिऱ्हाईकं ओळीनं बसली होती. मेहुणा त्यांना जागा करून देत होता.

"हूक लावायचे राहिले," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

तेवढ्यात गळाचा दोरा ताणला गेला. मास्तरांनी पोलकं तोंडात धरून काठी ओढली. चांगला भरदार मासा होता. बांधावरची माणसं उभी राहिली. मास्तरांनी नवी टेप काढली, नाकापासून शेपटापर्यंत ताणली आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. फुटाला नखभर कमी.

"जाऊ द्या हो, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "नखभरानं काय होतंय?"

मास्तर वाकले. मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, त्याला नीट दम येईपर्यंत थांबले आणि मग हात सैल केले.

"उद्या ये," ते म्हणाले.