मेणाची डबी

मी छपाईचा 'न' बोलतोय. वीतभर उंचीचा, सागवानी, टोकांना नखरेल चोची असलेला. धुळ्यातल्या धनसिंगभाऊंच्या छापखान्यात आमचं सगळं कुटुंब भिंतीवरच्या जाहिरातींसाठी राबायचं. साक्रीची कुस्त्यांची दंगल असो की चोपड्याचं कपाशीचं बियाणं, आम्ही रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जायचो.

इथल्या उन्हाळ्यात माणसं चिडतात आणि लाकडं उकलतात. माझ्याही पोटात आडवी फट पडली. पण आम्हाला जुळवणारे कंपोझिटर नूर महंमद छपाईआधी प्रत्येकाच्या फटीत मेण भरायचे, अंगठ्याने सपाट करायचे, मगच शाई लावायचे. मेणाची डबी कायम खिशात. तीस वर्षांत आमची एकही जखम गावाला दिसली नाही.

१९९४ साली कॉम्प्युटर आला. नूरभाऊ धास्तावले. धनसिंगभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "यंत्र येऊ द्या. ही अक्षरं आणि तुमचं स्टूल जागचं हलणार नाही." फक्त प्रत्येक अक्षराचा एक ठसा हवा होता, यंत्रात घालायला.

नूरभाऊ आठ दिवस खपले. घासलं, पुसलं, मेण भरलं. वऱ्हाडात निघाल्यासारखे आम्ही कागदावर उमटलो.

जळगावहून आलेल्या वना नावाच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने ठसे पाहून तोंड वाकडं केलं. त्याला आमच्या फटीच हव्या होत्या. मोठ्या शहरांत म्हणे झिजकं अक्षर चालतं. म्हणजे लोक घरातलं जुनं भंगारात घालतात आणि जुनाट दिसणारं नवं विकत आणतात.

"हाई बठ्ठं वाया शे, नूरभाऊ," धनसिंगभाऊ म्हणाले. "सगळं फुकट गेलं. मेण काढा."

"तीस वर्षं झाकलं, भाऊ."

"म्हणूनच तर तुम्हाला ठाऊक, कुठं कुठं आहे ते."

गरम पाणी आणि काडी घेऊन नूरभाऊंनी स्वतःच्या हाताने आमची एकेक फट उघडी केली. ठसे झाले. वना खूश झाला.

पुढच्या सोमवारी नूरभाऊ आले, तर स्टुलावर प्रिंटर बसलेला. उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका, असं भाऊंनी गोड शब्दांत सांगितलं. स्टूल मात्र खरंच हललं नव्हतं. माणूस शब्दाचा पक्का. अक्षरं तेवढी पोत्यात भरून भाऊंच्या घरी गेली, आंघोळीच्या बंबाला जळण म्हणून. नूरभाऊंनी एक मागून घेतलं. तो मी.

परवा ते मला पिशवीत घेऊन बसस्टँडकडे निघाले होते. भिंतीवर दंगलीची जाहिरात. तिच्यात तीन 'न', आणि तिघांच्या पोटात माझीच फट, तंतोतंत. कॉम्प्युटरला दुसरी कुठली ठाऊक नाही. नूरभाऊ भिंतीजवळ गेले. मग त्यांनी खिशातून डबी काढली आणि कागदावरच्या फटीत अंगठ्याने मेण भरू लागले.

"काय करताय, चाचा?" पानवाल्याने विचारलं.

"दुरुस्ती."

कागदावर मेण कुठलं बसतंय. तेलकट डाग तेवढे पडले. वाचकहो, ते डाग दिसले तर हसू नका. माझी जखम सगळ्यांनी पाहिली. ती झाकणारा हात निदान तुम्ही तरी पाहा.