माझे ब्रेक तेवढे परत लावा

मी एक सायकल. सायकलच. अंगावर बांबूचे पंख आणि पुढे लाकडी पंखा बांधला म्हणून कुणी मला विमान म्हणत असतील, तर म्हणोत बापडे. मला विचारतंय कोण?

माझा मालक सुतार. बारा वर्षं त्याची हत्यारं वाहिली, कधी कुरकुरले नाही. मग त्याच्या डोक्यात शिरलं, की माणसाने पायांच्या जोरावर उडायचं. झालं! 'वजन कमी हवं' म्हणून माझी घंटी गेली, मडगार्ड गेले, कॅरिअर गेलं, शेवटी ब्रेकसुद्धा.

पंखांना कापड शिवलं त्याच्या बायकोने. वर नवस बोलली, "देवा, यांना वीतभर तरी वर ने. तोवर मी गोडाला शिवणार नाही."

माउली भोळी! तिच्या वाटचं गोड खायचं कुणी? यानेच! माझ्या अंगावरून उतरलेला प्रत्येक पावशेर त्याच्या पोटावर चढला. मला तराजू नको. सीट माझीच होती.

मैदानाच्या उतारावरून आम्ही सात वेळा धावलो, सातही वेळा काटेरी कुंपणात शिरलो. शेजारचे मास्तर विचारायचे, "काय सुतारबुवा, आज कुंपण वरून की आतून?" सातव्या खेपेला याचा घोटा मुरगळला.

"आता पुरे करा हो," ती म्हणाली.

"पंखा फिरतोय का तेवढं बघू. तू बस, पायडल मार. मी शेपूट धरतो."

"मी? अहो, काहीतरीच!"

"बस गं. तुला थोडंच उडायचंय!"

ती बसली. फूल ठेवल्यासारखं वाटलं मला. देवाचं नाव घेऊन तिने पाय मारले, आणि लंगड्याच्या हातून शेपूट निसटली. उतार, समोरून वारा... एकाएकी माझी खडखड मलाच ऐकू येईना. चाकांखाली जमीन नव्हती! वीतभरच, पण नव्हती.

मग टेकलो. आणि ब्रेक? आठव्यांदा कुंपण.

तो लंगडत धावत आला. "उडालीस! अगं, उडालीस! फिटला तुझा नवस!"

ती पदरातले काटे काढत म्हणाली, "नवस तुमच्यासाठी बोललेय. तुम्ही कुठे उडालात? आजपासून गोड तुम्हीही सोडायचं."

दोन महिने झाले. तोंड वाकडं करत तो बिनसाखरेचा चहा पितोय, आणि खरंच उतरलाय. उद्या पुन्हा मैदान. "उद्या नक्की," ती म्हणते, आणि तिच्या शब्दावर माझाही जीव मेला विरघळतो.

उडवा, खुशाल उडवा. पण वर गेलं की खाली यावं लागतं हो. माझे ब्रेक तेवढे परत लावा!