कपाच्या बुडावरची धार

साहेब, तुम्ही आमची सुरी ढापलीत. ‘जप्त केली’ हा तुमचा शब्द, तो तुमच्या रजिस्टरात राहू द्या. चार बायकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, मधल्या बोटाएवढ्या पात्याची सुरी तुम्ही ‘घातक शस्त्र, नग एक’ असं लिहून उचललीत. ज्या बाईनं ती निवडली, ती या तीस तारखेला हॉस्पिटलमधून निवृत्त होऊन क्वार्टर सोडतेय. ती जायच्या आधी सुरी परत त्या खिळ्याला लागली पाहिजे. बाकी माझं काही मागणं नाही.

मला तुम्ही ओळखता. मी हॉस्पिटलची लिफ्ट चालवते, रोज माझ्याच लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जाता. त्या बाईला चेहऱ्यानं ओळखत असाल, नावानं नाही. तिला सगळं हॉस्पिटल मावशी म्हणतं. सत्तावीस वर्षं ती तळघरात ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, पकडी धुतेय. धुवायचं, पुसायचं, बिजागरीत तेलाचा थेंब सोडायचा, कापडात गुंडाळून वाफेच्या यंत्रात घालायचं. तिच्या हातून बोथट कात्री कधी वर गेली नाही. गेली असती तर तिचं नाव तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात एका वर्षात तीन सुऱ्या वाया गेल्या. पहिली आमच्यातल्या ऑपरेशन थिएटरच्या नर्सबाईनं आणली, भारीतली. सोबत चिठ्ठी होती: वापरल्यावर लगेच पुसा, लिंबाचा रस राहू देऊ नका. चौघींच्या चार पाळ्या, लगेच पुसणार कोण? त्यात आमची धाकटी लाँड्रीत कामाला. तिला आम्ही भिजवणी म्हणतो, कारण हाताला येईल ते ती आधी भिजत घालते. चौथ्या दिवशी पात्यावर तपकिरी डाग. दुसरी भिजवणीनं आणली, करवतीसारख्या दात्यांची. तिची धार एकाच बाजूला होती आणि नर्सबाई डावरी, तेव्हा पातं कांद्यातून तिरकं पळायचं. तिसरी मी आणली. ती टोमॅटोच्या सालीवरून घसरली आणि नर्सबाईच्या बोटात गेली. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती कुठं जाईल याचा नेम नसतो. कापलेलं बोट घेऊन ऑपरेशनला उभं राहता येत नाही. नर्सबाई आठवडाभर घरी बसली.

“तुला सुरी आणायला सांगितली होती, चमचा नव्हे,” ती मला म्हणाली.

“तुझी महाराणी तरी कुठं टिकली? पाणी लागलं की रुसायची.”

“रुसायची कसली, हिनं बुडवून मारली तिला,” नर्सबाईनं भिजवणीकडे हनुवटी उडवली.

“घ्या! बोट हिचं कापलं, सुरी तिनं आणली, आणि फाशी मला!”

मावशी कोपऱ्यात उकडलेले बटाटे नखानं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “उद्या मी आणते.”

आयुष्यभर धार हाताळलेली बाई घरात बसली होती आणि आम्ही बाजारभर हिंडत होतो. तिला विचारावं हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे साहेब, आंधळे फक्त तुम्हीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात गेले. मावशीनं चष्मा लावला आणि एकेक सुरी उचलायला सुरुवात केली. डोळ्यासमोर आडवी धरून पात्याची पाठ बघायची. धार नखावर अलगद टेकवायची, घसरली की बाजूला. पातं आणि मूठ जिथं जुळतात तिथं तर ती एखादा टाका तपासावा तसं बघत होती. “इथं फट आहे. इथनं पाणी शिरतं, आणि सडायला इथनंच सुरुवात होते.” लाकडी मुठीच्या सगळ्या सुऱ्या तिथंच बाद.

चौदावी सुरी झाल्यावर दुकानदार वैतागला. “मावशी, सुरी बघताय की सून?”

“सुनेला चार दिवस माहेरी तरी धाडता येतं, बाबा. ही रोज चौघींच्या हातात राहायची.”

मग तिनं त्याच्या पाण्याच्या पेल्यात सरळ बोटं बुडवली. तो “अहो, अहो!” करतोय तोवर तिनं ओल्या हातानं एकेक मूठ आवळून पाहिली. आधी उजव्या हातात, मग डाव्या हातात. ती स्वतः उजव्या हाताचीच. डावा हात नर्सबाईसाठी होता.

शेवटी खालच्या फळीवरच्या धुळकट डब्यातून तिनं एक काढली. छोटी, न गंजणाऱ्या स्टीलची, धार दोन्ही बाजूंनी, आणि प्लास्टिकची मूठ पात्यावरच ओतलेली, कुठंही फट नाही.

“ही तर सगळ्यात स्वस्त आहे,” दुकानदार म्हणाला, जरा हिणवूनच.

“स्वस्त आहे म्हणून घेत नाही. बरोबर आहे म्हणून घेतेय. स्वस्त निघाली हा तिचा चांगुलपणा.”

असं ताठ उभी राहून बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तळघरात मान घालून काम करणारी बाई ती, त्या दुकानात माझ्याहून उंच वाटली.

घरी आल्यावर तिनं चिनी मातीचा कप पालथा घातला. बुडाला खरबरीत कडं असतं, जिथं चकाकी लागलेली नसते. त्यावर तिनं पातं तिरकं धरून एका बाजूनं दहा वेळा ओढलं, मग दुसऱ्या बाजूनं दहा वेळा. “रविवारी एवढं करायचं. बाकी हिला काही लागत नाही. आणि हातातून सुटली तर पकडायला जायचं नाही, पाय मागं घ्यायचा.” भिजवणीनं ती सुरी किती वेळा बुडवली असेल, पण डाग नाही. तीन वर्षांत कुणाचं बोट कापलं नाही.

कापला तो तुमचा अंगठा. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही क्वार्टरच्या तपासणीला आलात, खिळ्यावरची सुरी काढलीत आणि अंगठा धारेवरून लांबीत ओढलात. कुणालाही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, धार अशी बघत नाहीत. मावशीनं तुमचा हात नळाखाली धरला, पट्टी बांधली आणि हळूच म्हणाली, “नखावर बघायची असते, साहेब.” तुमच्याबरोबरचा एकजण हसला. रजिस्टर तुम्ही त्याच्यानंतर मागवलंत. आधी नाही. मी तिथंच उभी होते.

मावशीनं वाद घातला नाही. तिनं सुरी धुतली, पुसली, कापडात गुंडाळली आणि मूठ तुमच्याकडे करून दिली. सत्तावीस वर्षं ती हत्यारं वर धाडते, तशीच.

परवा तुमचा शिपाई माझ्या लिफ्टमध्ये होता. “काय सांगू ताई, साहेबांच्या खोलीत फळं कापायला एक झकास सुरी आहे. एवढीशी, पण लोण्यातनं गेल्यासारखी चालायची. हल्ली जरा मंदावलीय. तळघरातल्या मावशींना विचार म्हणाले साहेब.”

मी तोंड उघडणार होते. लिफ्ट मध्येच थांबवून त्याला ऐकवणार होते. पण तळघर आलं. मावशीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, आपल्या चहाचा कप रिकामा केला, पालथा घातला आणि त्याला शिकवलं. दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून.

“मावशी, त्यांना कशाला शिकवलंस?” मी नंतर ओरडलेच.

“सुरीनं काय केलंय?” ती म्हणाली. मग कप विसळता विसळता, “बघ, सगळ्या दुकानातनं मी काढलेली तीच त्यांना आवडली.” आणि हसली. अशी हसताना तिला तळघरात कुणी पाहिलं नसेल.

माझ्याकडे तिचा मोठेपणा नाही. आमच्या स्वयंपाकघरात खिळा रिकामा आहे आणि भिंतीवर सुरीच्या आकाराचा स्वच्छ पट्टा उमटलाय. आज सव्वीस तारीख. ते शस्त्र असेल, तर तुमच्या सफरचंदांजवळ काय करतंय? आणि सुरी असेल, तर आमच्या खिळ्यावर का नाही?

उत्तर द्या, साहेब. लिफ्टमध्ये दिलंत तरी चालेल. पाच मजले आहेत, वेळ पुरेल.