खिडकीपाशी कुरकुरणारी सायकल

मित्रांनो, मी सायकल आहे, पण माझ्यावर बसून तुम्हाला कुठेच जाता येणार नाही. शाळेत नाही, बाजारात नाही, मामाच्या घरी तर नाहीच. मी व्यायामशाळेतली जुनी सायकल. मला एकच जड चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. तुम्ही कितीही जोर लावा, घामाघूम व्हा, जिथे चढलात तिथेच उतराल. पूर्वी मला याचं फार वाईट वाटायचं. खिडकीतून रस्त्यावरच्या माझ्या बहिणी पळताना दिसल्या की जीव तुटायचा. आता तसं वाटत नाही. का, तेच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल, डोक्यावर पांढरे दिवे आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या. माझं उजवं पेडल बसवणारी बाई शेवटचा पिळा देत होती आणि नेमकी तेव्हाच जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. तिचं लक्ष डब्याकडे गेलं आणि पिळा जरासा कमी पडला. मी तिच्यावर रागावलेली नाही, भूक कुणाला चुकली आहे? पण तेव्हापासून उजवं पेडल खाली गेलं की माझ्या अंगातून आवाज निघतो. कुईं. ही माझी जन्मखोड.

नवी होते तेव्हा ही खोड कुणाच्या लक्षातही आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या या व्यायामशाळेत मला आरशासमोर मानाची जागा मिळाली. माझ्यावर बसायला लोक ताटकळत उभे राहायचे. पुढे पडदेवाली यंत्रं आली. त्यांच्यावर पाय मारले की समोर डोंगर दिसतात, समुद्र दिसतो. माझ्यासमोर काय दिसणार? भिंत! हळूहळू मी मागे सरकत खिडकीच्या कोपऱ्यात आले. लोक माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालू लागले. कधीतरी कोणी चुकून बसलंच, तर आवाज ऐकून तोंड वाकडं करून उठायचं.

अशात एके दिवशी बेकरीवाले काका आले.

कोपऱ्यावरची बेकरी त्यांचीच. उभी हयात त्यांनी भट्टीसमोर काढली होती. आपण केलेली बिस्किटं आधी आपणच चाखून पाहायची, हा त्यांचा नियम. तो त्यांनी इतका मन लावून पाळला की पोट पुढे आणि काका मागे अशी अवस्था झाली. मग एका सकाळी हातात पावांचा ट्रे असतानाच ते भट्टीपाशी कोसळले. दवाखान्यातून परतले ते छातीवर टाके घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं होतं, “रोज व्यायाम हवा. हळूहळू, पण रोज. टाळाटाळ केलीत तर हृदय पुन्हा संधी देईलच असं नाही.”

आमच्याकडे शिकवायला एक ताई आहेत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीताई म्हणतात. त्यांनी काकांना पडदेवाल्या यंत्रांकडे नेलं. काकांनी आरशात स्वतःला पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, “मला तो कोपराच बरा.” त्यांनी माझ्यावरचे टॉवेल बाजूला केले, सीटवर हात फिरवला आणि बसले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला आपणहून निवडलं होतं. त्यांच्या पिठाळ बोटांचे ठसे माझ्या हँडलवर उमटले. ते पुसले जाऊ नयेत असं मला वाटत होतं.

पण काका पक्के अंगचोर! घटकाभर पाय मारायचे की लगेच शेजारच्याशी गप्पा. हे काकूंना कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच आठवड्यापासून त्या सोबत येऊ लागल्या. काकूंचे गुडघे दुखायचे, जिने चढणं त्यांना जमायचं नाही. त्या खाली, बरोबर आमच्या खिडकीखालच्या बाकावर बसायच्या आणि कान टवकारून ऐकायच्या. माझी कुईं चालू आहे तोवर नवरा पाय मारतो आहे. कुईं थांबली की खालून हाक यायची, “अहो!”

काका दचकून पुन्हा पाय मारायला लागायचे. सगळी व्यायामशाळा खुदकन हसायची.

एकदा काकांनी शक्कल लढवली. शेजारी व्यायाम करणाऱ्या पोस्टमनला माझ्यावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून निवांत उभे राहिले. क्षणभरातच खालून हाक आली, “अहो, ते पाय तुमचे नाहीत! तुमचा उजवा पाय जड पडतो!”

पोस्टमननी हात जोडले आणि ते उतरले. काकांनीही हात टेकले. त्या दिवसानंतर खाडा नाही की लबाडी नाही. ज्या आवाजाची मला लाज वाटायची, त्यावर आता कुणाचातरी जीव अडकला होता. मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग आला नियमित व्यायाम दिन. नाव नियमित असलं, तरी तो वर्षातून एकदाच येतो. मालकांनी फर्मान सोडलं, “सगळं चकाचक पाहिजे. पाहुणे येणार आहेत, फोटो निघणार आहेत.” फुगे आले, रिबिनी आल्या. बाहेरच्या बाजूने भलामोठा कापडी फलक टांगला गेला, तो नेमका माझ्या खिडकीवरच. आणि शिट्टीताईंनी मायेने मला पुसून, चोळून, उजव्या पेडलला भरपूर तेल घातलं. “बघ, आता तुला कोणी नावं ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. मी खूश! पेडल लोण्यासारखं फिरू लागलं. आवाज नावालाही उरला नाही.

कार्यक्रमाला अवकाश होता. काका नेहमीप्रमाणे सकाळी लवकर आले आणि माझ्यावर बसले. “वा! हिचं दुखणं गेलं वाटतं,” असं म्हणत जोरात पाय मारू लागले. मीही ताठ मानेने चाक फिरवत राहिले. खाली बाकावर काय चाललं असेल, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

काकू ऐकत होत्या. कुईं येईना. त्यांनी हाक मारली, “अहो!” फलकाच्या जाड कापडातून ती वर पोचलीच नाही. वरून उत्तर नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा शांतता. ज्या बाईने नवऱ्याला एकदा भट्टीपाशी पडलेलं पाहिलं होतं, तिच्या मनात दुसरं काय येणार?

आम्हाला ऐकू आली ती जिन्यावरची पावलं. एक पाऊल, कठड्याला धरून एक उसासा, मग पुढचं पाऊल. दार धाडकन उघडलं. दारात काकू! केस विस्कटलेले, चपला खालीच राहिलेल्या, चेहरा पांढराफटक. आणि समोर काका मजेत पाय मारताहेत, वर शीळही घालताहेत.

“तुम्ही... तुम्ही चालवताय?” काकूंनी धापा टाकत विचारलं.

“चालवतोय म्हणजे काय! बघ ना, आज कशी—”

“मग आवाज का नाही?” काकू ओरडल्या आणि दुसऱ्याच क्षणी हुंदके देऊन रडू लागल्या. “मला वाटलं, गेलात तुम्ही मला टाकून.”

काका घाईघाईने उतरले. त्यांनी काकूंना माझ्या सीटला धरून उभं केलं. काकूंचा तळवा गार पडला होता. मला तेव्हा माझं ते गुळगुळीत पेडल नकोसं झालं. शिट्टीताईंच्या हातात अजून तेलाची बाटली होती. त्या बाटलीकडे बघत राहिल्या आणि त्यांचेही डोळे भरून आले.

काकूंच्या जिवात जीव आला, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. “अगं बाई, मी दोन जिने चढून आले की काय?”

“आलात खऱ्या,” शिट्टीताई म्हणाल्या, “पण गुडघे बघा कसे कापताहेत. काकू, काकांच्या हृदयाची एवढी काळजी, आणि या गुडघ्यांची कुणी करायची?”

“मी सोबतीला येते, व्यायामाला नाही. या वयात लोक हसतील मला.”

“मला रोज हसतात,” काका म्हणाले. “मी मेलो का?”

“शुभ बोला हो!” काकूंनी डोळे वटारले, पण त्याही हसल्या.

त्या दिवशी दुपारी पाहुणे आले, रिबीन कापली. फोटोसाठी माझ्यापुढे रांग लागली. सगळे बसले, हसले, उतरले. चाक कुणीच फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत नेहमीचीच मंडळी. फक्त एक माणूस जास्त होतं. काकू डॉक्टरांना गुडघे दाखवून, एकेक पायरी चढत वर आल्या होत्या. शिट्टीताईंनी माझा ताण अगदी सैल केला. काकू आधी संकोचाने, मग चवीने पाय मारू लागल्या. दोघं पाळीपाळीने बसायचे आणि एकमेकांच्या चुका काढायचे.

वर्ष सरलं. तेल सुकलं आणि माझा आवाज परत आला. पुन्हा तो दिवस उजाडला, पुन्हा फुगे, पुन्हा फलक. काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून काही आठवडे त्यांना व्यायाम बंद होता. काकू एकट्याच वर आल्या. शिट्टीताई तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे वळल्या, तर काकूंनी आडवा हात घातला.

“तेल नको गं. आणि तो फलक खिडकीवरून जरा बाजूला घ्यायला सांग. खाली बसलेत ते.”

फलक सरकला. मी खाली पाहिलं. बाकावर काका बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा, मान वर. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं, पण ते ऐकत होते. काकू पाय मारू लागल्या. कुईं, कुईं. मध्येच घाम पुसायला त्या थांबल्या, तोच खालून हाक आली.

“अगं!”

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखी एखादी सायकल तुमच्या घरात किंवा व्यायामशाळेत कपड्यांखाली दबून उभी असेल, तर आधी ते कपडे उचला. फोटोपुरते बसू नका, रोज या. थोडंच करा, पण रोज करा. आणि तुमच्या घरात कोणी असा नेम धरला असेल, तर त्यांच्याकडे कान ठेवा. ते थांबले, तर खालून हाक मारा.