बर्फ माझ्यातच होता

मित्रांनो, मी मासळी ठेवायचा एक जुना, तडकलेला टब आहे. १९९८ साली मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मला फायबरपासून घडवलं आणि रत्नागिरीच्या बंदरावर हाशिमभाईंनी विकत घेतलं. माणूस मावेल एवढा मी लांब. बर्फ आणि पाणी भरलं की माझ्यातली मासळी संध्याकाळपर्यंत ताजी राही. सगळे माझं कौतुक करत.

"सुरमईचं नशीब बघ, सोनूबाई," हाशिमभाई दर उन्हाळ्यात म्हणायचे. "मे महिन्यात बर्फात झोपते."

"मग तुम्ही पण शिरा की! जागा आहे," मासे विकणारी सोनूबाई म्हणायची.

२००३च्या मे महिन्यात, भर दुपारी मासळी उतरवताना हाशिमभाई काहीबाही बरळू लागले आणि कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं.

"टबात घाला त्यांना!" सोनूबाई ओरडली. तिने मासळी उपसायला सुरुवातही केली.

हाशिमभाईंची मुलगी नबीला त्यांचा डबा घेऊन आली होती. "मासळीच्या पाण्यात? अब्बांना?" ती म्हणाली. "चार माणसं बघतायत, सोनूबाई."

तिने ओला रुमाल कपाळावर ठेवला. कोणी वर्तमानपत्राने वारा घातला, कोणी तळव्यांना कांदा चोळला. दवाखान्याची गाडी यायला अर्धा तास लागला. मी चार पावलांवर होतो, काठोकाठ भरलेला. मला पाय नाहीत, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते वारले.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नबीला माझ्याजवळ येऊन बसली. डॉक्टरांचं बोलणं तिने सोनूबाईला सांगितलं. कपाळावरच्या रुमालाने अंगातली आग उतरत नाही. सगळं अंग भिजवून वारा घातला तर उतरते, पण हळू. सगळ्यांत लवकर उतरते ती बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवल्याने.

"त्यांनी विचारलं, बंदरावर बर्फ नव्हता का?"

 सोनूबाईने माझ्यावरचं झाकण सरळ केलं.

पुढच्या उन्हाळ्यात हमाल धाकू तसाच कोसळला. नबीलाने मासळी जमिनीवर ओतायला लावली, त्याला माझ्यात बसवलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी पाण्यावर धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने तो कुडकुडत म्हणाला, "केवढा वास मारतोय!" बंदर हसलं. नबीला हसली नाही.

आता माझ्यात पाणी ठरत नाही. बर्फाच्या कारखान्यामागे मी उपडा पडून असतो. मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण उन्हात कोणी असं बरळत कोसळलं, तर गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला थंड पाण्यात बसवा. मासळीचा वास दोन आंघोळींत जातो. धाकूचा गेला.